थिबा राजाचा फॅमिली चार्ट: रत्नागिरीतल्या एका आयुष्यातून समजून घेऊया आनुवंशिकता

दवाखान्यात नवीन फाइल काढली की डॉक्टर हमखास विचारतात, घरात कुणाला शुगर, बीपी, हार्टचा त्रास आहे का? आपण बाबांना शुगर आहे एवढं सांगून मोकळे होतो. आजीच्या माहेरी कोणाला काय होतं, आत्याचं पहिलं बाळ कशाने गेलं, हे आपल्याला माहीतच नसतं.

ही माहिती एका कागदावर नीट मांडायची पद्धत आहे. तिला पेडिग्री चार्ट म्हणतात. मराठीत वंशावळ म्हणता येईल, पण आपल्या घरातली जुनी वंशावळ आणि डॉक्टरांचा चार्ट यात एक मोठा फरक आहे. तो फरक समजावून सांगायला मी एक माणूस निवडलाय: रत्नागिरीचा थिबा राजा. थिबा पॅलेससमोर सेल्फी काढलेले खूप जण असतील. पण या राजाचा फॅमिली चार्ट काढून बसलं, तर आनुवंशिकतेचे निम्मे धडे त्यातच मिळतात.

आधी चार्टची भाषा

नियम सोपे आहेत. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. दोघांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे नवरा-बायको. त्या रेघेतून खाली उतरणारी रेघ म्हणजे मुलं. माणूस हयात नसेल तर चौकोनावर किंवा गोलावर तिरकी रेघ मारायची. ज्याला तो आजार किंवा ते लक्षण आहे त्याचा आकार पूर्ण रंगवायचा. जो स्वतः ठणठणीत आहे पण जीन पुढे देऊ शकतो, त्याला वाहक म्हणतात. त्याचा आकार अर्धा रंगवतात किंवा मधे ठिपका देतात. ज्याच्यापासून चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बाण करायचा.

आणखी एक खूण फार महत्त्वाची आहे. नवरा-बायको एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक असतील तर त्यांच्यामध्ये एक नाही, दोन समांतर रेघा काढतात. थिबाच्या चार्टमध्ये ही दुहेरी रेघ आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मंडालेचा राजपुत्र

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. वडील राजा मिंदोन. मिंदोनच्या डझनावारी राण्या आणि शंभरच्या वर मुलं. एवढ्या भावंडांत थिबा काही पुढचा वारसदार वगैरे नव्हता. त्याची आई दरबारातून बाजूला पडलेली होती आणि तिने शेवटी बौद्ध साध्वीचं आयुष्य पत्करलं. थिबाचं शिक्षण विहारात झालं. पाली धर्मग्रंथांच्या परीक्षेत त्याने नाव काढलं होतं. एकंदरीत शांत, अभ्यासू मुलगा.

हाच शांतपणा कोणाच्या तरी डोळ्यांत भरला. मिंदोनची एक बडी राणी होती, सिनब्यूमाशिन. तिला मुलगा नव्हता, मुली होत्या. तिने मंत्र्यांना हाताशी धरलं, थिबाला पुढे केलं आणि १८७८ मध्ये मिंदोन वारला तेव्हा १९ वर्षांचा थिबा गादीवर बसला. सिनब्यूमाशिनच्या मुलींशी त्याचं लग्न लागलं. त्यांतली सुपयालत ही त्याची आवडती आणि खरी सत्ता चालवणारी राणी.

आता चार्टकडे बघा. सुपयालतचे वडील कोण? मिंदोन. थिबाचे वडील कोण? तेही मिंदोनच. म्हणजे हे दोघं एका बापाची, वेगवेगळ्या आयांची मुलं. त्या राजघराण्यात हे विचित्र मानलं जात नव्हतं. राजरक्त बाहेर जाऊ नये म्हणून राजाने सावत्र बहिणीशी लग्न करायची तिथे रीतच होती.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजघराण्यातल्या माणसांना ठार मारण्यात आलं. हा आकडा साधारण ८० च्या घरात सांगितला जातो. त्यामागे राणी आणि तिची आई यांचा हात होता असं बहुतेक इतिहासकार मानतात. थिबाच्या पिढीतल्या कितीतरी चौकोनांवर आणि गोलांवर एकाच महिन्यात तिरक्या रेघा पडल्या.

दुहेरी रेघेचा हिशोब

आता थोडं गणित करूया. घाबरू नका, अर्ध्याचा अर्धा एवढंच यायला हवं.

प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बाबांकडून. समजा मिंदोनकडे एक बिघडलेली प्रत होती. दुसरी प्रत चांगली असल्यामुळे त्याला स्वतःला काहीच त्रास नाही. ती बिघडलेली प्रत थिबाकडे जायची शक्यता निम्मी. सुपयालतकडे जायचीही निम्मी. दोघांकडे गेली असेल तर त्यांच्या बाळाला दोन्हीकडून बिघडलेलीच प्रत मिळायची शक्यता पाव. सगळं गुणलं की १६ मध्ये १.

हे मोठं की छोटं? तुलना करू. समजा तीच बिघडलेली प्रत लोकांमध्ये शंभरात एकाकडे आहे आणि नवरा-बायको एकमेकांच्या नात्यातले नाहीत. मग दोघंही वाहक असायची शक्यता १०,००० मध्ये १, आणि बाळाला दोन्ही प्रती मिळायची शक्यता ४०,००० मध्ये १. कुठे १६ आणि कुठे ४०,०००! नात्यातल्या लग्नात धोका कुठून येतो ते इथे दिसतं. नवीन बिघाड तयार होत नाही. आधीपासून लपून बसलेली प्रत दोन वाटांनी फिरून एकाच बाळात भेटते.

शास्त्रज्ञ हे एका आकड्यात सांगतात. एखाद्या बाळाच्या जीनच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता किती, तो हा आकडा. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या बाळासाठी तो १/१६, म्हणजे ६.२५ टक्के. मामा-भाचीच्या बाळासाठी १/८, म्हणजे १२.५ टक्के. एका बापाच्या सावत्र भावंडांसाठीही १/८.

पण मी थिबाचा चार्ट आणखी वर नेला, तेव्हा दुसरी दुहेरी रेघ सापडली. मिंदोनचे वडील आणि सिनब्यूमाशिनचे वडील हे सख्खे भाऊ. दोघंही पाळीपाळीने राजे झाले होते. म्हणजे सुपयालतचे आई-वडील एकमेकांचे चुलत भाऊ-बहीण. त्या वाटेने थिबाच्या मुलांच्या आकड्यात आणखी १/६४ ची भर पडते. १/८ अधिक १/६४ म्हणजे ९/६४, साधारण १४ टक्के. थिबाच्या आईकडची बाजू यात धरलेली नाही. ती धरली तर आकडा वाढू शकतो, कमी होणार नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. मराठीत सावत्र हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. बाप एक, आया वेगळ्या, तर ते नातं रक्ताचं आहे. पण दोघांचेही आई-वडील वेगळे आणि नंतर त्यांनी एकमेकांशी लग्न केलं म्हणून भावंडं झालेली असतील, तर चार्टच्या दृष्टीने ते नातेवाईक नाहीत. चार्ट काढताना हे विचारून घ्यायचं.

राजा रत्नागिरीत येतो

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेवर स्वारी केली. युद्ध जेमतेम दोन आठवडे चाललं. थिबाला बोटीने रंगूनला आणि तिथून मद्रासला नेलं. १ जानेवारी १८८६ रोजी, म्हणजे त्याच्या २७ व्या वाढदिवशी, त्याचं राज्य खालसा केल्याची घोषणा झाली. एप्रिल १८८६ मध्ये राजा, दोन राण्या आणि लहान मुली रत्नागिरीला पोचल्या.

रत्नागिरीच का? इथे तेव्हा रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद, ब्रह्मदेशापासून कितीतरी लांब. राजाला लोकांपासून तोडून ठेवायला इंग्रजांना अशीच जागा हवी होती. थिबाला सरकारी पेन्शन मिळायची, पण परवानगीशिवाय कुठे जाता यायचं नाही. पैसा पुरायचा नाही, सोबत आणलेले हिरे-माणकं विकली जायची. सरकारला अर्जावर अर्ज जायचे. खास त्याच्यासाठी बांधलेला तीन मजली राजवाडा, आपला थिबा पॅलेस, तयार होऊन तो तिथे राहायला गेला तेव्हा १९१० साल उजाडलं होतं. जेमतेम सहा वर्षं तो तिथे राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, तो रत्नागिरीतच गेला. त्याची समाधीही इथेच आहे.

ज्या रीतीने त्याचं लग्न झालं होतं ती रीत इथे चालूच शकत नव्हती. त्याच्या चार मुली रत्नागिरीत वाढल्या. राजघराण्याच्या नियमाने त्यांना राजरक्ताचाच नवरा हवा, आणि तसे नवरे एकतर १८७९ मध्ये मारले गेले होते किंवा समुद्रापलीकडे होते. मुली तिशी ओलांडेपर्यंत बिनलग्नाच्या राहिल्या. एका बंद घराच्या हट्टाची किंमत त्यांनी भरली.

चार्टवरून काय कळत नाही

१४ टक्के हा आकडा बघून कुणालाही वाटेल की थिबाची मुलं आजारीच असणार. तसं झालं नाही. चारही राजकन्या मोठ्या झाल्या. थोरला मुलगा तान्हेपणीच गेला, पण देवीच्या रोगाने. देवी हा संसर्गाचा रोग. त्याचा या दुहेरी रेघेशी संबंध जोडायचं कारण नाही. म्हणून चार्टमध्ये नुसतं बाळ गेलं असं लिहू नका, कशाने गेलं तेही लिहा. शिवाय १४ टक्के ही शक्यता आहे, निकाल नाही. पूर्वजांकडे बिघडलेली प्रतच नसेल तर ती भेटणार कुठून?

दुसरा गैरसमज मुलीच होण्याचा. गादीला मुलगा मिळाला नाही म्हणून त्या काळी बोल राणीलाच लागणार. पण मुलगा की मुलगी हे वडिलांकडून एक्स क्रोमोझोम येतो की वाय, यावर ठरतं. आईकडे द्यायला फक्त एक्स असतो. थिबाच्या चार्टमधले ते चार गोल सुपयालतमुळे आलेले नाहीत. आजही आपल्याकडे सुनेला हे ऐकावं लागतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तिसरा गैरसमज समजायला थिबाला हद्दपार करणाऱ्या साम्राज्याच्या राणीकडे जाऊ. व्हिक्टोरिया राणीच्या घराण्याचा पेडिग्री चार्ट जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चार्टपैकी एक आहे. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये पडल्याचं निमित्त होऊन गेला, कारण त्याला हिमोफिलिया होता. या आजारात रक्त लवकर गोठत नाही. तिच्या मुली आणि नाती यांच्यामार्फत हा आजार रशियाच्या झारच्या मुलापर्यंत पोचला. २००९ मध्ये झारच्या कुटुंबाच्या अवशेषांतल्या डीएनएवरून तो हिमोफिलिया बी असल्याचं सिद्ध झालं.

व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा हे मामे-आतेभावंडं होते. म्हणून अनेकांना वाटतं की नात्यातल्या लग्नामुळे हिमोफिलिया आला. चूक! हा जीन एक्स क्रोमोझोमवर असतो. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, त्यामुळे वडील नात्यातले असोत वा नसोत, लिओपोल्डच्या बाबतीत फरक पडला नसता. एकाच चार्टमध्ये दुहेरी रेघ आणि आजार दोन्ही दिसले तरी एकामुळे दुसरं झालं असं लगेच मानायचं नाही. आजार मुलांनाच होतोय का, बायकांमार्फत पुढे जातोय का, एखादी पिढी गाळतोय का, हे आधी बघायचं.

वंश संपला, पण कोणाच्या हिशोबाने?

आता सुरुवातीला सांगितलेल्या फरकाकडे येतो. कोकणात अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. त्यांची मूळ वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरते. मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच थांबते. या पद्धतीने थिबाची वंशावळ काढली तर १९१६ मध्ये रेघ संपते. मुलगा नाही, विषय संपला.

डॉक्टरांच्या चार्टमध्ये मात्र रेघ पुढे जाते. थिबाची थोरली मुलगी, जिला सगळे पहिली राजकन्या म्हणत, तिचा जन्म १८८० चा. राजाच्या घरचा दरवान गोपाळ सावंत आणि ती यांना १९०६ मध्ये रत्नागिरीत एक मुलगी झाली, टुटू. सावंत आधीच विवाहित होता. राजघराण्याला ही गोष्ट किती लागली असेल याची कल्पना करा. पुढे १९१९ मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परत जायची परवानगी मिळाली. पहिली राजकन्याही गेली, पण टुटूला घेऊन ती रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टुटू मराठी बोलत वाढली, मराठी घरात नांदली, मुलाबाळांची झाली. २००० मध्ये ती गेली तेव्हा बहुतेक रत्नागिरीकरांसाठी ती गावातलीच एक म्हातारी बाई होती.

चार्टवर टुटूचा गोल काढा. तिच्यातलं निम्मं कोकणातल्या वडिलांकडून, साधारण पाव थिबाकडून, साधारण पाव सुपयालतकडून. तिच्या आई-वडिलांमध्ये दुहेरी रेघ नाही. आईच्या नावापुढे १४ टक्के लिहावे लागले होते, टुटूपुढे शून्य. पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेला आकडा बाहेरच्या एका जोडीदाराने एका पिढीत पुसला. आजी-आजोबा सावत्र भावंडं असली तरी नातवाला तो धोका चिकटून राहत नाही.

अजून एक गंमत. वाय क्रोमोझोम फक्त बापाकडून मुलाकडे जातो, त्यामुळे थिबाचा वाय त्याच्याबरोबर थांबला. पण पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून येतो. टुटूला तो तिच्या आईकडून मिळाला, आईला सुपयालतकडून, सुपयालतला सिनब्यूमाशिनकडून आणि तिला तिची आई मे नू हिच्याकडून. मे नू राणी झाली खरी, पण जन्माने ती राजघराण्यातली नव्हती, साध्या घरातली होती. ज्या घराण्याने राजरक्तासाठी एवढा आटापिटा केला, त्याच्यातून रत्नागिरीत न बदलता पोचलेला हा धागा एका साध्या घरातल्या बाईचा होता.

कोकणात हे कशाला हवं?

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिशय दुर्मिळ रक्तगट शोधला. त्याला आज जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. भारतात तो साधारण १०,००० मध्ये एकाकडे असतो आणि महाराष्ट्रात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या कुटुंबांत तो तुलनेने जास्त आढळलाय. नेहमीच्या तपासणीत हा गट ओ असल्यासारखा दिसतो. पण या माणसाला ओ रक्त दिलं तर जीवावर बेतू शकतं. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

हा गट मिळायला जीनच्या दोन्ही प्रती तशा लागतात, म्हणजे बहुतेक वेळा आई आणि बाबा दोघंही वाहक असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलात तो असायची शक्यता २५ टक्के. आता विचार करा: बाहेर १०,००० मध्ये एक, आणि सख्ख्या भावंडांत चारात एक! रक्ताची गरज पडली तर आधी कुठे शोधायचं? घरात चार्ट असेल तर कोणाला फोन करायचा हे मिनिटभरात कळतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होत आलीत, तिथे तर ही दुहेरी रेघ नोंदवलेली असलीच पाहिजे.

तुमचा चार्ट असा काढा

वही घ्या किंवा फोनमधलं कुठलंही ड्रॉइंग अ‍ॅप चालेल. स्वतःपासून सुरू करा, बाण तुमच्याकडे. वर आई-बाबा, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा. प्रत्येकाची सगळी भावंडं घ्या, लग्न होऊन गेलेल्या आत्या-मावश्या आणि त्यांची मुलंसुद्धा. प्रत्येकापुढे जन्मसाल लिहा, मोठा आजार असेल तर तो कितव्या वर्षी सुरू झाला ते लिहा, हयात नसेल तर वय आणि कारण. गर्भपात आणि दगावलेली बाळंही नोंदवा. हे विचारताना सावकाश, एकट्यात आणि माणूस बघून विचारा.

हा चार्ट फॅमिली ग्रुपवर टाकू नका. त्यात दुसऱ्यांच्या आजारांची माहिती आहे आणि स्थळं बघताना तिचा गैरवापर होऊ शकतो. अनोळखी फ्री अ‍ॅपवरही अपलोड करू नका. फाइल फोनमध्ये लॉक करून ठेवा आणि एक प्रिंट डॉक्टरांच्या फाइलमध्ये. एखादा आजार दोन-तीनदा दिसला तर स्वतः निदान करत बसू नका, चार्ट घेऊन डॉक्टरांकडे किंवा जेनेटिक काउन्सेलरकडे जा.

आणि आजी अजून आहे, तिला आठवतंय, तोवर तिच्या माहेरची बाजू भरून घ्या. सहसा तीच रिकामी राहते.